तारीख शेवटी ठरवा : संग्रहालयांच्या विश्वस्तांना आणि संचालकांना खुले पत्र

सन्माननीय विश्वस्त, संचालक आणि नव्या दालनांना मंजुरी देणाऱ्या समित्यांचे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

नव्या दालनाचा प्रस्ताव तुमच्यासमोर येतो तेव्हा त्यात जागेचा हिशेब असतो, खर्चाचा अंदाज असतो आणि उद्घाटनाची तारीख असते. जागेवर चर्चा होते, खर्चावर तर घासाघीस होते. तारखेबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. ती कुठल्या तरी वर्धापनदिनाला किंवा पाहुण्यांच्या सवडीला बांधलेली असते, आणि पुढचं सगळं काम तिच्यामागे फरफटत जातं. मी दालनांची मांडणी करतो, फलकांचा मजकूर लिहितो आणि उद्घाटनाच्या आदल्या रात्री शिडीवर चढून दिवे फिरवतो. पैसे कमी पडल्याने फसलेली दालनं मी पाहिली आहेत, पण वेळ चुकीच्या जागी खर्च झाल्याने फसलेली त्याहून जास्त पाहिली आहेत. म्हणून हे पत्र.

वेळ कुठे जातो ते सांगतो. आधी वास्तुरचनाकाराची निवड होते. मग काचपेट्यांची निविदा निघते आणि पेट्यांची मापं ठरतात. त्यात कोणत्या वस्तू येणार हे तेव्हा नक्की झालेलं नसतं. मग कुणीतरी टचस्क्रीन सुचवतं आणि भिंतीत त्यासाठी चौकोन सोडले जातात. त्यावर काय दाखवायचं? ते नंतर बघू. अभिरक्षकाला, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या क्युरेटरला, वस्तूंची यादी मागितली जाते तेव्हा निम्मं वर्ष सरलेलं असतं. फलकांचा मजकूर शेवटच्या महिन्यात लिहिला जातो, तपासला जातो शेवटच्या आठवड्यात, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला आहे त्या लोकांपैकी एकालाही तो उद्घाटनाआधी वाचायला दिलेला नसतो.

या लोकांबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही, अशी परिस्थिती नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ त्यांचं निरीक्षण होत आलं आहे. बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधले बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी १९१६ साली संग्रहालयात येणाऱ्या थकव्यावर एक लेख लिहिला. त्यांनी एका माणसाला वस्तूंबद्दल साधे प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्याच्या शरीराला काय काय कसरत करावी लागते त्याचे फोटो काढले. तो गृहस्थ कुठे ओणवा झाला आहे, कुठे उकिडवा बसला आहे, कुठे मान वाकडी करून काचेला नाक लावून उभा आहे. ते फोटो आज पाहिले तर फक्त कपडे जुने वाटतात. पुढे १९२०-३०च्या दशकांत एडवर्ड रॉबिन्सन आणि आर्थर मेल्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी घड्याळ घेऊन लोकांच्या चालीची नोंद केली. कोण कुठे थांबतो, किती वेळ थांबतो, काय न बघता पुढे जातो, हे त्यांनी मोजलं. दालनात शिरल्यावर लोक उजवीकडे वळतात हे त्यांचं निरीक्षण पुढे सगळीकडे तितकं पक्कं ठरलं नाही. बाहेरच्या दाराची ओढ मात्र आजही कुठल्याही दालनात अर्धा तास उभं राहिलं की दिसते. मध्येच एक उघडं दार दिसलं की माणूस त्यातून निघून जातो, आणि उरलेल्या भिंतीवर तुम्ही काय लावलं होतं ते त्याला कधीच कळत नाही.

आणखी एक निष्कर्ष बैठकीच्या खोलीत मोठ्या अक्षरांत लावून ठेवण्याजोगा आहे. बेव्हर्ली सेरेल या अमेरिकन प्रदर्शन-अभ्यासक. त्यांनी शंभराहून अधिक प्रदर्शनांमधल्या प्रेक्षकांच्या नोंदी एकत्र करून १९९८ साली प्रसिद्ध केल्या. विषय कोणताही असो, दालन लहान असो की मोठं, लोक एका प्रदर्शनात साधारणपणे वीस मिनिटांहून कमी वेळ घालवतात. तुमच्या नव्या दालनातल्या सगळ्या फलकांचा मजकूर एकदा मोठ्याने वाचून पाहा आणि किती वेळ लागतो ते बघा. चित्रफिती चालू असतील तर त्यांचा वेळही धरा. मी हा प्रयोग सुचवला की खोलीत शांतता पसरते.

वीस मिनिटं कमी नाहीत, पण ती उधळण्याइतकी जास्तही नाहीत. म्हणून पहिला वेळ द्यायला हवा तो एका वाक्याला. दालन कशाबद्दल आहे, एवढंच नव्हे, तर दालन काय म्हणतं ते सांगणारं वाक्य. 'नाण्यांचा इतिहास' हा विषय झाला. 'राजवटीची तिजोरी आटली की आधी नाण्यातली चांदी आटते' हे वाक्य झालं. रोमन साम्राज्याच्या सुरुवातीला जवळजवळ शुद्ध चांदीचं असलेलं नाणं तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पाच टक्क्यांहूनही कमी चांदीचं झालं होतं. हे वाक्य हाती आलं की चारशे नाण्यांतली कोणती बारा मांडायची ते ठरतं, त्यांचा क्रम ठरतो, प्रत्येकाशेजारी चांदीचं प्रमाण दाखवणारी पट्टी हवी हे सुचतं, आणि वजनकाटा ठेवायचा की नाही यावरचा वाद आपोआप मिटतो. वाक्य नसेल तर चारशेच्या चारशे नाणी मखमलीवर ओळीने बसतात आणि लोक पहिल्या ओळीनंतर पुढे सरकतात.

वाक्य पक्कं असेल तर वस्तूंची संख्या कमी करायचं धैर्य येतं. नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीचं ॲम्स्टरडॅममधलं घर १९६० साली लोकांसाठी खुलं झालं. तिच्या वडिलांच्या, ऑटो फ्रँक यांच्या इच्छेनुसार लपण्याच्या त्या खोल्या रिकाम्याच ठेवल्या आहेत. तिथलं सामान अटकेनंतर उचलून नेलं होतं. नवं सामान आणून खोल्या 'जशाच्या तशा' सजवणं सहज शक्य होतं. तसं झालं असतं तर लोकांनी खुर्च्या आणि पडदे पाहिले असते. आता ते रिकामी खोली पाहतात आणि ती का रिकामी आहे हे त्यांना कळतं.

वस्तू कशाशेजारी ठेवली आहे यातूनही अर्थ निघतो. फ्रेड विल्सन या कलावंताने १९९२ साली बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहातूनच एक प्रदर्शन मांडलं. नक्षीदार चांदीची भांडी होती, त्याच पेटीत गुलामांच्या पायातल्या लोखंडी बेड्या ठेवल्या, आणि वर लेबल होतं : 'धातुकाम, १७९३-१८८०'. लेबलात एकही विशेषण नाही, कुणावर आरोप नाही. भांडी आणि बेड्या दोन्ही त्याच संस्थेकडे होत्या, फक्त त्या कधी एका पेटीत आल्या नव्हत्या. मला विचाराल तर गेल्या पन्नास वर्षांतलं हे सर्वांत किफायतशीर मांडणीकाम आहे. याला ना पडदा लागला, ना प्रोजेक्टर.

आता माझ्या मुख्य मागणीकडे येतो. निविदा काढण्याआधी दालन पुठ्ठ्याचं करून बघा. खरंच पुठ्ठ्याचं. साध्या कागदावर छापलेले फलक, खोक्यांचे चौथरे, वस्तूंऐवजी त्यांचे खऱ्या आकाराचे फोटो, जमिनीवर चिकटपट्टीने आखलेल्या भिंती. मग संग्रहालयात त्या दिवशी आलेल्या पंधरा-वीस लोकांना एकेक करून आत सोडा आणि गप्प बसा. मदत करायची नाही, समजावून सांगायचं नाही. ते कुठे थांबतात, कुठे अडखळतात, बटण कुठलं समजून काय दाबतात, ते लिहून काढा. बाहेर आल्यावर एकच विचारा : 'तुम्ही आत काय पाहिलंत ते मला सांगा.' उत्तरं ऐकताना तज्ज्ञ मंडळींचे चेहरे पाहण्यासारखे असतात. ज्या गोष्टीवर तीन बैठका झालेल्या असतात ती कुणाच्याही बोलण्यात येत नाही, आणि कोपऱ्यात सहज ठेवलेल्या एखाद्या वस्तूबद्दल दहा जण बोलतात.

यावर नेहमीचं उत्तर असतं की लोकांना अर्धवट काम दाखवणं संस्थेला शोभत नाही. फ्रँक ओपनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम सुरू केलं तेव्हा कार्यशाळाच प्रेक्षकांना दिसेल अशी ठेवली. लेथ, करवती, वेल्डिंग, सगळं डोळ्यांसमोर. अर्धवट प्रयोग लोकांसमोर आणायचे, ते कसे हाताळतात ते बघायचं, परत आत नेऊन बदलायचे, ही तिथली रोजची रीत झाली. जगभरातल्या विज्ञान केंद्रांनी तिथले प्रयोग उचलले. त्यामागची ही रीत उचलणारे थोडे, कारण प्रयोग विकत घेता येतो, रीत अंगवळणी पाडावी लागते.

त्याच संस्थेतल्या सू ॲलन आणि जोशुआ गटविल या संशोधकांनी २००४ साली हाताळण्याच्या प्रयोगांमधल्या ठरावीक चुका नोंदवल्या. एकाच मेजावर सारख्याच ठळकपणे पाच-सहा गोष्टी करता येत असतील तर माणूस गोंधळतो आणि मुख्य गोष्ट त्याच्या हातून निसटते. दोघांनी एकाच वेळी काही करता येत असेल तर एकाच्या करण्याने दुसऱ्याचा प्रयोग बिघडतो. एखादं दुय्यम चाक किंवा खटका इतका आकर्षक असतो की लोक त्याच्याशीच खेळत बसतात. मला यातून कळलेली गोष्ट ही की 'संवादात्मक' या विशेषणाची किंमत शून्य आहे. पुढच्या सादरीकरणात कुणी ते वापरलं तर विचारा : माणसाने काय केल्यावर त्याला काय दिसणार आहे, आणि ते त्याला आधी माहीत असलेल्या कशाला धक्का देणार आहे? उत्तर आलं नाही तर तो टचस्क्रीनचा पडदा भिंतीला टांगलेलं पुस्तकाचं पान आहे, आणि ते पान उलटायला रांग लागणार आहे.

पुठ्ठ्याच्या चाचणीत शरीराच्या तक्रारीही निघतात, अगदी गिलमनच्या फोटोंसारख्या. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे सुगम्य मांडणीचे निकष सांगतात की जमिनीपासून साधारण एक मीटरहून उंच ठेवलेली लहान वस्तू व्हीलचेअरवरच्या आणि बुटक्या माणसाला फक्त खालून दिसते. मुलं यात आलीच. वाटीची नक्षी आतल्या बाजूला असेल तर त्यांना तिचं बूडच पाहायला मिळणार. हे आराखड्यावर कळत नाही, कारण आराखडा पाहणारे सगळे उभे असतात. दिव्यांचं तसंच. दिवा प्रेक्षकाच्या पाठीमागून येत असेल तर त्याच्याच डोक्याची सावली लेबलावर पडते. उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंशांचा कोन ठेवावा हा जुना नियम त्यासाठीच आहे. पण छताला दिव्यांच्या पट्ट्या एकदा ठोकल्या की हा कोन तुमच्या हातात राहत नाही.

काचेवरची प्रतिबिंबं ही मुळापासून विचार करायची गोष्ट आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधलं आफ्रिकेतल्या सस्तन प्राण्यांचं दालन १९३६ साली उघडलं. तिथल्या डायोरामांची, म्हणजे रंगवलेल्या रानापुढे प्राणी मांडलेल्या देखाव्यांची, काच किंचित पुढे झुकवलेली आहे आणि दालनाचा मधला भाग अंधारात ठेवला आहे. म्हणजे काचेत प्रेक्षकाला स्वतःचा चेहरा दिसत नाही, समोरचं रान दिसतं. ज्यांच्या कल्पनेतून हे दालन उभं राहिलं ते कार्ल एकली १९२६ सालीच आफ्रिकेत वारले होते. ते गेल्यावर दहा वर्षांनी दालन उघडलं. इतका वेळ द्या असं मी म्हणणार नाही, घाबरू नका.

प्रकाशाचा दुसरा प्रश्न जतनाचा. कागद, कापड, जलरंग यांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त प्रकाश नको, असा सर्वमान्य संकेत आहे. तैलचित्रांना साधारण २०० चालतो. प्रकाशाचं नुकसान साठत जातं आणि उलटत नाही : २०० लक्सखाली एक तास म्हणजे ५० लक्सखाली चार तास. बाहेर रखरखीत उन्हात लाखभर लक्स असतात. तिथून आत आलेल्या माणसाचे डोळे मंद प्रकाशाला सरावायला काही मिनिटं घेतात, आणि तुम्ही नेमकं प्रवेशद्वारापाशी सर्वांत मौल्यवान वस्त्र टांगलेलं असतं. तो म्हणतो 'अंधार आहे', तुमचे सुरक्षारक्षक ती तक्रार वर पाठवतात, आणि कुणीतरी दिव्याची कळ थोडी वर सरकवतं. वस्त्र दोन दालनं आत नेलं असतं आणि वाटेतला उजेड हळूहळू कमी केला असता, तर कळीला हात लावायची वेळ आली नसती.

आता रसायनशास्त्र, कारण तारखेची सर्वांत मोठी किंमत वस्तूच मोजतात, आणि त्या तक्रार करू शकत नाहीत. काचपेटी ही बंद खोली असते. तिच्यातला एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला फळा), प्लायवूड, ओकचं लाकूड, ओला रंग, डिंक, यातून ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लांसारख्या वाफा निघत राहतात. शिशाच्या वस्तूंवर त्यांनी पांढरी भुकटी चढते. शंखशिंपल्यांच्या संग्रहांवर अशीच पांढरी बुरशीसारखी साय यायची. लॉफ्टस बाइन यांनी १८९९ साली तिचं वर्णन केलं आणि तो जंतूंचा रोग मानला. पुढे कळलं की तो रोग नव्हे, लाकडी कपाटांतून निघणारं आम्ल शिंपल्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटवर काम करत होतं. चांदीच्या दागिन्यांखाली शुद्ध लोकरीचं कापड अंथरलं की ते देखणं दिसतं, पण लोकरीतल्या गंधकाने चांदी काळी पडते.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. पेटीत वापरायच्या साहित्याचा तुकडा आणि चांदी, तांबं, शिसं यांच्या लहान पट्ट्या बंद नळीत, दमट हवेत, ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायच्या. पट्ट्यांवर डाग पडले तर ते साहित्य नापास. एवढंच. पण त्याला २८ दिवस लागतात, २७ नाही. रंगवलेली पेटी वस्तू ठेवण्याआधी तीन-चार आठवडे उघडी राहायला हवी. उद्घाटनाच्या आठ दिवस आधी रंगारी आत असतील तर पाहुणे फीत कापतात तेव्हा वस्तू त्या वाफांमध्ये बसलेल्या असतात आणि पेटीचं दार कुलूपबंद असतं. वेळापत्रक मंजूर करताना आठवड्यांचे हे दोन्ही हिशेब त्यात आहेत का, एवढं तरी बघत जा. जतनतज्ज्ञाला बैठकीला बोलावता तेव्हा तो शेवटच्या खुर्चीवर बसतो आणि 'वेळ लागेल' एवढंच बोलतो. त्याला अडथळा आणणारा माणूस समजू नका.

फलकांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बोलायला लागलो तर हे पत्र संपणार नाही. उभ्याने वाचणाऱ्या माणसासाठी पन्नास-साठ शब्द पुष्कळ झाले. पहिलं वाक्य समोरच्या वस्तूकडे बघायला लावणारं असावं. 'या हत्याराची मूठ डावीकडून झिजली आहे, बघा' अशा वाक्यानंतर माणूस वर बघतो, मग पुन्हा खाली वाचतो. लेबल वस्तूच्या शेजारी हवं. पेटीच्या टोकाला आकड्यांची यादी लावून 'क्र. १७ बघा' हा खेळ लोक दोनदा खेळतात, तिसऱ्यांदा नाही. आणि मजकूर मंजूर करणाऱ्या समितीतल्या प्रत्येक सदस्याने एकेक वाक्य वाढवायची परंपरा कृपा करून थांबवा. ज्याला वाढवायचं असेल त्याने आधी एक वाक्य कापावं.

उद्घाटनानंतर काय होतं ते तुम्हाला ठाऊक असायला हवं. बहुतेक करार उद्घाटनाच्या दिवशी संपतात. मांडणी करणारे पुढच्या कामाला जातात, ठेकेदाराचं बिल निघतं. पहिल्या पंधरवड्यात एक बटण अडकून बसतं, एक आवाज बंद पडतो, एका फलकावरची चूक एक शाळकरी मुलगी शिक्षकांना दाखवते. दुरुस्तीसाठी अंदाजपत्रकात ओळ नसते, म्हणून त्या बटणावर 'बंद आहे' अशी चिठ्ठी लागते. ती चिठ्ठी पुढे वर्षभर तिथेच असते, आणि वाईट याचं वाटतं की दालनातला सर्वांत जास्त वाचला जाणारा मजकूर तोच असतो. अभिप्राय वहीतल्या 'अप्रतिम', 'खूप सुंदर' या शेऱ्यांवरून दालन चांगलं चाललं आहे असं अहवालात लिहिलं जातं. वही लिहिणारे शेवटपर्यंत पोहोचलेले असतात. मधल्या दारातून निघून गेलेल्यांची वही कुठेच नसते.

म्हणून माझं मागणं आहे : पैशांतला एक हिस्सा उद्घाटनानंतरच्या वर्षासाठी आत्ताच बाजूला काढा आणि त्याला कुणालाही हात लावू देऊ नका. तो किती असावा यावर वाद घाला, पण तो शून्य नसावा. मांडणीच्या करारातच लिहा की दालन उघडल्यानंतर निरीक्षण करून ठरावीक बदल करून देणं हा कामाचा भाग आहे. फलक असे बसवा की एक बदलायला भिंत खरवडावी लागणार नाही. सुट्या भागांची पेटी कुठे आहे आणि किल्ली कुणाकडे, हे एका कागदावर असू द्या.

आणि तारीख. ती आधीच जाहीर झाली असेल, पाहुण्यांचा होकारही आला असेल, हे मी समजू शकतो. मग निदान एवढं करा : त्या तारखेच्या तीन आठवडे आधी दालन गाजावाजा न करता उघडा. फीत नको, भाषणं नकोत, पत्रकार नकोत, दारावर 'काम चालू आहे, आत या' एवढीच पाटी. मांडणी करणाऱ्यांना रोज दोन तास आत उभं करा आणि दर सोमवारी जे बदलायचं ते बदलू द्या. पाहुणे येतील त्या दिवशी दालनातून काही हजार माणसं जाऊन आलेली असतील, आणि कुठलं बटण बसतं ते तुम्हाला आधीच माहीत असेल. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा मुद्दा घ्याल का, एवढं कळवावं.

आपला,
दालनांच्या मांडणीचं काम करणारा एक